डोसचा आकडा पेशंटच्या कार्डावर लिहा: कॅथलॅब चालवणाऱ्या रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या कॅथलॅब असलेल्या रुग्णालयांची व्यवस्थापनं आणि तिथे काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ

विषय: अँजिओप्लास्टीत पेशंटला मिळालेला क्ष-किरणांचा डोस डिस्चार्ज कार्डावर नोंदवण्याबाबत

सर्व डॉक्टर सरांना, मॅडमना आणि व्यवस्थापक मंडळींना नमस्कार.

मी कॅथलॅब टेक्निशियन आहे; कॅथलॅब म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रावर बघत अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली. शिशाच्या काचेमागे बसून केस रेकॉर्ड करणारा, व्ह्यू (क्ष-किरणांचा कोन) लावणारा, ‘सर, प्रेशर डॅम्प झालंय’ असं माइकवरून ओरडणारा माणूस. पेशंटचे नातेवाईक आम्हाला ओळखत नाहीत, त्याबद्दल तक्रारही नाही. पण प्रत्येक केसमध्ये एक गोष्ट आम्ही बघतो आणि ती सहसा आमच्या खोलीबाहेर जात नाही: मॉनिटरच्या कोपऱ्यात वाढत जाणारा डोसचा आकडा. केस संपते, आम्ही स्टडी क्लोज करतो, आकडा सर्व्हरवर जाऊन पडतो. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटची लांबी येते, व्यास येतो, कंपनी येते, बलून किती प्रेशरला फुगवला तेही येतं. डोस मात्र येत नाही.

तो यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

हे पत्र पेशंट आणि त्यांच्या घरचेही वाचतील, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हार्ट अटॅक आलेल्या माणसानं क्ष-किरणांच्या भीतीनं अँजिओप्लास्टी नाकारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बंद पडलेली रक्तवाहिनी जितकी उशिरा उघडेल तितका हृदयाचा स्नायू कायमचा मरतो. तिथे मिनिटं मोजायची असतात. एका अँजिओप्लास्टीत शरीराला साधारण १५ मिलिसिव्हर्टच्या घरातला डोस मिळतो. नुसतं जगल्यामुळे, माती, हवा, अन्न आणि आकाशातून, माणसाला जगाच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. साठीच्या पेशंटला या १५ मधून पुढे कॅन्सर होण्याची वाढीव शक्यता हजारात एकाच्या आसपास, बहुधा त्याहून कमीच. समोर उभा असलेला अटॅक त्याच्या कितीतरी पट घातक असतो. इथे हिशेब करायचाच नाही, टेबलावर झोपायचं.

मग माझी तक्रार कशाची? दुसऱ्या इजेची. कॅन्सरचा धोका नशिबाच्या खेळासारखा असतो, कोणाला लागेल सांगता येत नाही. त्वचेची इजा तशी नसते. तिला उंबरठा असतो. तो ओलांडला की ती होतेच, फक्त उशिरा होते. आणि सरळ-साध्या प्लास्टीत हा उंबरठा सहसा गाठला जात नाही. तो गाठला जातो अवघड केसमध्ये: कॅल्शियमनं दगड झालेली वाहिनी, डाव्या मुख्य वाहिनीचा फाटा (लेफ्ट मेन बायफर्केशन), जुनं शंभर टक्के ब्लॉकेज म्हणजे सीटीओ, आणि त्यात पेशंट स्थूल.

मशिन आपल्याला मुख्यतः दोन आकडे दाखवतं. पहिला एअर कर्मा, मिलिग्रेमध्ये (हजार मिलिग्रे म्हणजे एक ग्रे); त्वचेपाशी किती किरण पोचले याचा अंदाज त्यावरून येतो. दुसरा डोस-एरिया प्रॉडक्ट, म्हणजे डोस गुणिले किरणांच्या झोताचं क्षेत्रफळ. यांच्या शेजारी असतो फ्लुरो टाइम, म्हणजे पेडल दाबून चालतं चित्र बघत राहिलो तो वेळ, आणि जिथे काही लिहिलं जातं तिथे बहुतेक वेळा हाच लिहिला जातो. तिघांत सगळ्यांत फसवा तोच. बारीक अंगाच्या पेशंटची वीस मिनिटं आणि एकशे दहा किलोच्या पेशंटची वीस मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि सिने शूटिंग, म्हणजे साठवून ठेवायचं जास्त स्पष्ट चित्रण, तर त्या वेळेत मोजलंच जात नाही.

त्वचेला साधारण २ ग्रेच्या पुढे काही तासांत लाली येऊ शकते, ती विरूनही जाते. ६ ग्रेच्या पुढे दहाएक दिवसांनी पक्की लाली दिसते. १० ते १५ च्या पुढे गेलं की सालं निघणं, जखम होणं, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षभरानंतर, खालची कातडी मरणं. अमेरिकेतल्या एनसीआरपी या किरण-संरक्षण संस्थेनं २०१० च्या अहवालात सोप्या रेषा आखून दिल्या: एअर कर्मा ५ ग्रे, किंवा डोस-एरिया प्रॉडक्ट ५०० ग्रे-चौरस सेंटिमीटर, किंवा फ्लुरो ६० मिनिटं. यांतलं काहीही ओलांडलं की पेशंटला सांगायचं, नोंद करायची आणि नंतर त्याची पाठ तपासायची. केस चालू असताना ३ ग्रेला पहिली सूचना, पुढे प्रत्येक ग्रेला एक, असा संकेतही जगभर मान्य आहे.

पाठच का, हे बाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून सांगतो. आपल्या कॅथलॅबमध्ये क्ष-किरणांची ट्यूब टेबलाखाली असते आणि डिटेक्टर छातीवर. किरण पाठीतून आत शिरतात, छातीतून बाहेर पडेपर्यंत त्यांतले फार थोडे उरतात. म्हणजे सगळ्यांत जास्त मारा पाठीच्या कातडीवर, आणि ती जागा पेशंटला आरशातही धड दिसत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं स्वतः प्रसिद्ध केलेली एक केस बघा. चाळीस वर्षांचा पुरुष. २९ मार्च १९९० या एकाच दिवशी त्याची अँजिओग्राफी झाली, मग अँजिओप्लास्टी, त्यात गुंतागुंत झाल्यामुळे पुन्हा अँजिओग्राफी आणि अखेर बायपास. जीव वाचला. दीडेक महिन्यानं त्याच्या उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक डाग उठला. चारेक महिन्यांनी त्या डागाच्या मधोमध छोटा व्रण दिसू लागला. दीड वर्ष उलटलं तेव्हा तिथे कातडी मरून खड्डा पडला होता आणि शेवटी दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागली. डोस २० ग्रेच्या वर गेला असावा असा अंदाज निघाला. अशा घटना साठत गेल्या तेव्हा सप्टेंबर १९९४ मध्ये एफडीएनं देशभरच्या डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. २००६ पासून तिथे तयार होणाऱ्या प्रत्येक फ्लुरोस्कोपी मशिनवर डोसचा आकडा दिसणं सक्तीचं झालं. आज आपल्याकडच्या कॅथलॅबमध्ये तो आकडा दिसतो त्यामागे अशा पाठी आहेत.

डाग उजव्या फऱ्याखालीच का आला, हे कोणताही टेक्निशियन सांगेल. डिटेक्टर डाव्या बाजूला झुकवला की ट्यूब उजव्या पाठीखाली जाते. एलएओ क्रेनियल, स्पायडर हे आपले रोजचे व्ह्यू. त्यांत किरणांना जास्त जाडीतून जावं लागतं, आणि तीन-चार सेंटिमीटर जाडी वाढली की मशिन आपोआप जवळपास दुप्पट डोस सोडतं. मशिनला फक्त चित्र स्वच्छ ठेवायचं कळतं. त्या एका व्ह्यूमध्ये वायर पुढे सरकेना म्हणून पाऊण तास गेला की तो सगळा पाऊण तास तळहाताएवढ्या जागेवर जमा होतो. चपाती एकाच बाजूनं तव्यावर ठेवली तर काय होतं, तेच.

आता हार्ट अटॅकच्या पेशंटचं वेगळं काय ते सांगतो, कारण माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे.

समजा, माजलगावकडचा पंचावन्न वर्षांचा शेतकरी. छातीत कळ आली, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी बीडला अँजिओग्राफी. तीन वाहिन्यांत ब्लॉकेज निघाले, म्हणून छत्रपती संभाजीनगरला. तिथे अटॅकला कारण झालेली वाहिनी उघडली, दोन तास लागले. ‘उरलेलं महिन्याभरात करू’ म्हणून घरी पाठवलं. महिन्यानं योजनेची मंजुरी, जावयाची ओळख, एसटीची सोय असं सगळं जुळून तो गेला पुण्याला, तिसऱ्याच रुग्णालयात. तिथे सीटीओ उघडायला घेतली.

तीन लॅब, तीन सर्व्हर, एक पाठ. पुण्याचे डॉक्टर कितीही हुशार असोत, संभाजीनगरला त्या पाठीवर ४,८०० मिलिग्रे पडले होते की १,२००, हे त्यांना कळणार कुठून? काही आठवड्यांच्या अंतरानं पडलेला डोस कातडी विसरलेली नसते. पेशंट सोबत सीडी घेऊन येतो, तिच्यात चित्रं असतात. डोसचं पान मी तरी त्या सीडीत क्वचितच पाहिलं आहे. कार्डावर आकडा असता तर पुण्यात दोन गोष्टी सहज झाल्या असत्या. केस आणखी काही आठवडे पुढे ढकलली असती, किंवा पहिल्या वेळी न वापरलेल्या व्ह्यूमधून काम केलं असतं. दोन्हींना एक पैसा लागत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आणि ही टप्प्याटप्प्याची प्लास्टी काही कोणाची लहर नाही. २०१९ च्या कम्प्लीट या चाचणीत ४,०४१ अटॅकचे पेशंट होते. अटॅकच्या वाहिनीसोबत बाकीची मोठी ब्लॉकेजही नंतर उघडली त्या गटात तीन वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा पुन्हा अटॅक ७.८ टक्के, फक्त मूळ वाहिनी उघडली त्या गटात १०.५ टक्के. म्हणजे दुसऱ्यांदा टेबलावर घेणं पेशंटच्या भल्याचंच आहे, आणि ते वाढतच जाणार. म्हणूनच आकडा पुढच्या लॅबपर्यंत पोचायला हवा.

पण याच्या उलटही आहे, आणि टेक्निशियननं ट्रायलवर बोलू नये असं ज्या सरांना वाटतं त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. पेशंट शॉकमध्ये आहे, प्रेशर सत्तरवर आहे, अशा वेळी मूळ वाहिनी उघडल्यावर ‘आता टेबलावर आहेच तर बाकीचंही उरकू’ हा मोह कसा घातक ठरतो ते कल्प्रिट-शॉक चाचणीनं २०१७ मध्ये दाखवलं: एका महिन्यात मृत्यू किंवा डायलिसिससारखी वेळ सगळं एकदम उघडलेल्यांत ५५.४ टक्के, फक्त मूळ वाहिनी उघडलेल्यांत ४५.९ टक्के. २०१६ च्या एक्सप्लोर चाचणीत अटॅकनंतर आठवड्याच्या आत दुसऱ्या वाहिनीतली सीटीओ उघडून चार महिन्यांनी हृदयाचं पंपिंग काही सुधारलेलं दिसलं नाही. आणि २००६ ची ओएटी तर आपल्या उशिरा पोचणाऱ्या पेशंटसाठीच केल्यासारखी वाटते. अटॅक येऊन ३ ते २८ दिवस उलटले, वाहिनी पूर्ण बंद, पण पेशंट स्थिर, अशा २,१६६ जणांत ती उघडून मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हार्ट फेल्युअर यांत काही फायदा झाला नाही. छातीत दुखत असेल, स्नायू जिवंत असल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय तुमचाच. पण सहाव्या दिवशी, काही त्रास नसलेल्या पेशंटची बंद वाहिनी उघडायला दीड तास फ्लुरो चालतो तेव्हा काचेमागे बसलेल्या माणसाच्या मनात प्रश्न येतो, आणि तो विचारायची सोय नसते. जी केस करायचीच नव्हती तिच्यातला डोस कोणत्याही फ्रेम रेटनं (सेकंदाला किती चित्रं) कमी होत नाही.

करायची असलेल्या केसमध्ये मात्र खूप काही हातात असतं. तुमच्यापैकी अनेकजण हे उत्तम पाळतात, त्यांच्या लॅबमध्ये काम करायला आनंद वाटतो. पण नेहमीचं चित्र काय ते सांगतो. वायर अडकली आहे. सर मॉनिटरकडे बघत विचार करताहेत, पुढचा बलून कोणता घ्यावा यावर असिस्टंटशी बोलताहेत. शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच थांबून राहतं, पाय उचलला तरी ते दिसत राहणार आहे. तरी पाय पेडलवरच. हा बोलण्याचा वेळ सगळा पेशंटच्या पाठीवर जातो. टेबल खाली, ट्यूबच्या जवळ. डिटेक्टर छातीपासून वीतभर वर, कारण खाली आणला की असिस्टंटच्या हाताला लागतो. कॉलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत आवळणाऱ्या पट्ट्या, उघडा, त्यामुळे हृदयासोबत दोन्ही फुप्फुसं आणि पोटही चित्रात. बलून फुगवल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक वेळी सिने. एका सिने फ्रेमला फ्लुरोच्या फ्रेमपेक्षा साधारण दहापट किंवा त्याहून जास्त डोस लागतो, आणि बलून कुठे फुगवला एवढं दाखवायला साठवलेला फ्लुरो पुरतो. फ्रेम रेट पंधराचा साडेसात केला तर सुरुवातीला चित्र थोडं तुटक वाटतं. आठवड्याभरात डोळ्याला सवय होते. एकच व्ह्यू सोसवेना इतका वेळ लागला तर पाच-दहा अंश तिरका केला तरी मारा वेगळ्या कातडीवर जातो. यांतलं एकही काम वेळ खात नाही. रात्री तीनच्या प्रायमरीतही, म्हणजे अटॅक आल्याबरोबर केलेल्या अँजिओप्लास्टीतही, करता येतं.

मनगटातून करायची की जांघेतून, हाही प्रश्न काहीजण किरणांशी जोडतात. मनगटातून केल्यास ऑपरेटरला (केस करणाऱ्या डॉक्टरला) डोस जास्त मिळतो हे मॅट्रिक्स चाचणीच्या किरणांवरच्या उपअभ्यासात दिसलं आहे. पण त्याच मॅट्रिक्समध्ये, २०१५ साली, ८,४०४ पेशंटमध्ये मनगटाच्या गटात मृत्यू १.६ टक्के आणि जांघेच्या गटात २.२ टक्के होते, रक्तस्रावही कमी. तेव्हा मनगटच बरं. ऑपरेटरचा वाढीव डोस शिशाचा पडदा नीट ओढून घेतला की आटोक्यात येतो. छताला टांगलेला तो काचेचा पडदा अनेक लॅबमध्ये केसभर भिंतीकडे तोंड करून असतो, हे मात्र सांगायलाच हवं.

ओघानं आमचंही. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात ठरू शकणारा धूसरपणा बघण्यासाठी कोलंबियात बोगोटा इथे तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: कॅथलॅबमधल्या कार्डिओलॉजिस्टपैकी ३८ टक्के, नर्स-टेक्निशियनपैकी २१ टक्के, आणि किरणांशी संबंध नसलेल्यांत १२ टक्के. पुढच्याच वर्षी आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगानं डोळ्याच्या भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणण्याची शिफारस केली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या गाठींबद्दलही बोललं जातं. तो पुरावा मोजक्या केसचा आहे, त्यावरून मी घाबरवणार नाही. पण शिशाचे चष्मे किती लॅबमध्ये आहेत? लेड अॅप्रन घडी घालून खुर्चीवर टाकतात, आतल्या शिशाला चिरा जातात, वर्षानुवर्षं ते फ्लुरोखाली तपासले जात नाहीत.

आणि बॅज. अॅप्रनच्या आत छातीवर लावायचा, आम्हाला मिळालेला डोस मोजणारा तो टीएलडी बॅज. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या आत. एका ठिकाणी मी बघितलं, सगळ्यात जास्त केस करणाऱ्या सरांचा बॅज चेंजिंग रूमच्या ड्रॉवरमध्ये, पाकिटातसुद्धा न फोडलेला. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की आकडा जास्त आला तर वरून विचारणा होते, काम थांबवतात. त्या तिमाहीचा त्यांचा डोस शून्य आला. ड्रॉवरचा तो खरा डोस होता, म्हणा.

पेशंटच्या कार्डावर आकडा न लिहिण्यामागेही असंच मन आहे असं मला वाटतं. आकडा लिहिला की कोणीतरी विचारेल. मला आजवर दिलेली कारणं तीन आहेत.

‘पेशंट घाबरेल.’ दोन-तीन ग्रेवाल्याला घाबरण्यासारखं काही नाही, त्याला तसं सांगावं. ज्याचा आकडा ५ ग्रेच्या वर गेला त्याला न सांगणं जास्त भीतिदायक आहे. गावाकडे पाठीवर महिन्या-दोन महिन्यांनी चौकोनी डाग उठतो. दुकानातून नायट्याचं मलम येतं. मग गादीचा फोड म्हणतात, मग कोणीतरी तुकडा काढून तपासायला पाठवतं. किरणांनी भाजलेल्या कातडीचा तुकडा काढला तर ती जखम भरायला फार त्रास देते, म्हणून तो काढू नये असंच तज्ज्ञ सांगतात. पण अँजिओप्लास्टीचा आणि पाठीच्या डागाचा संबंध लावणार कोण? कार्डावर एक ओळ असली तर माजलगावचा डॉक्टरही लावेल.

‘उद्या कोर्टात जाईल.’ कायद्यातलं मला फार कळत नाही. पण सर्व्हरवर आकडा आहेच. मागणाऱ्याला तो मिळेलच. आधी समजावून सांगितलेला आकडा आणि नंतर वकिलानं शोधून काढलेला आकडा, यांतला कोणता परवडतो ते व्यवस्थापनानं ठरवावं. जीव वाचवताना सहा ग्रे लागले, का लागले हे लिहून ठेवलेल्या डॉक्टरकडे मी तरी आदरानंच बघेन.

‘मग ऑपरेटरची तुलना सुरू होईल, अवघड केस कोणी घेणार नाही.’ ही भीती मात्र खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. जास्त डोस म्हणजे वाईट हात, असं मुळीच नाही. ज्या पेशंटच्या वाहिन्या दगड झाल्यात, ज्याला वेळ जास्त लागतो, कॉन्ट्रास्ट (वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) जास्त लागतो, त्याचा डोसही जास्त असतो आणि त्याची प्रकृतीही नंतर जास्त बिघडते. डोसमुळे बिघडली असा अर्थ कोणी काढला तर तो चूक ठरेल. म्हणून कार्डावरच्या आकड्याशेजारी पेशंटचं वजन आणि केस कशी होती हेही यावं, आणि तुलना करायचीच तर सीटीओची सीटीओशी, प्रायमरीची प्रायमरीशी करावी. आकडे दारावर लावून कोणाची धिंड काढायला मी सांगत नाही.

‘नवा कागद कोण भरणार’ असंही काही व्यवस्थापक म्हणतील. त्यांना फेब्रुवारी २०१७ आठवत असेल. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, औषधी स्टेंटचा भाव २९,६०० रुपयांवर आणला, आणि बिलात स्टेंटची किंमत, नाव, उत्पादक, बॅच नंबर वेगळा लिहायला लावला. तेव्हाही म्हटलं गेलं होतं की हे जमायचं नाही. आज प्रत्येक बिलात ते असतं, कार्डावर स्टेंटचा स्टिकर असतो, सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना, एवढंच काम. आकडा भरायला टेक्निशियनला अर्धं मिनिट पुरतं, आणि तो काम करायला तयार आहे, हे मी माझ्यापुरतं तरी लिहून देतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीलाही यानिमित्तानं विनंती आहे. योजनेतून होणाऱ्या अँजिओप्लास्टीच्या क्लेममध्ये तुम्ही आधीच चित्रं आणि स्टेंटचे कागद मागता. त्यात मशिननं छापलेला डोसचा आकडा मागा. खासगी रुग्णालयं दोन महिन्यांत शिकतील, कारण पैसे अडकलेले कोणालाच नको असतात. आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला एवढंच: कॅथलॅबला परवाना देताना, पुढे दर दोन वर्षांनी मशिनची गुणवत्ता तपासणी होते तेव्हा, मागच्या दहा अँजिओप्लास्टींची डिस्चार्ज कार्डं बघायला मागा. मशिन अचूक आकडा दाखवतं का हे तपासतो आपण. तो कोणाला सांगितला जातो का, हेही बघू या.

लॅबमध्ये करण्यासारखी एकच जास्तीची मागणी. ३ ग्रेला आणि पुढे प्रत्येक ग्रेला टेक्निशियननं मोठ्यानं आकडा सांगायचा, असा लेखी नियम करा. ‘तू आकडे वाचू नकोस, व्ह्यू लाव’ हे उत्तर आमच्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. नियम लेखी असला की सांगणारा आगाऊ ठरत नाही, आणि सर सुद्धा केसच्या भरात चिडत नाहीत. आकडा ऐकून केस थांबवायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं. बहुतेक वेळा थांबवू नयेच.

कार्डावर काय लिहायचं त्याचा मसुदा जोडतो. सॉफ्टवेअरवाल्याला आजच पाठवता येईल:

‘या प्रक्रियेत मिळालेला क्ष-किरणांचा डोस: एअर कर्मा ____ मिलिग्रे, डोस-एरिया प्रॉडक्ट ____ (मशिनवर दिसतं त्या एककासह). पेशंटचं वजन ____ किलो. केसचा प्रकार ____. सर्वाधिक वापरलेला व्ह्यू ____. पुढील अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टीच्या वेळी हे कार्ड डॉक्टरांना दाखवावे.’

आणि एअर कर्मा ५,००० मिलिग्रेच्या वर गेला असेल तरच छापायच्या या ओळी, ठळक अक्षरांत, मराठीत:

‘दोन ते चार आठवड्यांनी घरच्यांकडून पाठ तपासून घ्यावी, नंतर वर्षभर अधूनमधून पाहावी. लाल किंवा काळपट डाग, खाज, फोड किंवा जखम दिसल्यास स्वतः मलम लावू नये, त्वचेचा तुकडा काढण्यापूर्वी आमच्याशी संपर्क साधावा. दूरध्वनी ____.’

दूरध्वनीच्या जागी रिसेप्शनचा नंबर टाकू नका. कॅथलॅबचा किंवा किरण-सुरक्षा अधिकाऱ्याचा टाका. रिसेप्शनवर ‘पाठीला डाग आलाय’ म्हटलं की स्किनच्या ओपीडीची चिठ्ठी मिळते.

आपला नम्र,
एक कॅथलॅब टेक्निशियन